मूर्तिकार गणपतराव म्हात्रे

स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा रावबहादुर गणपतराव काशीनाथ म्हात्रे यांची निवड केली, ती ते कोणत्या ज्ञातीचे होते हे पाहून नव्हे. विष्णुपुरीच्या विद्यालयांतून शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी एखादा माती कालवून आकृती घडवू लागला, की वडीलधारी मंडळी त्यास खुळ्यात काढतात. गणपतरावांची कीर्ती तर विद्यार्थिदशेतील अशाच एका कृतीने झाली!

सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईस स्थापन झालेल्या कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पुढे ठेवून मानवदेहाचा अभ्यास करण्याची तेथील पद्धत होती. तिच्याच बळावर १८९६ च्या सुमारास, विशीच्या आसपास असलेल्या या तरुणाने ‘मंदिरपथगामिनी’ घडविली: नऊवारी लुगडे नेसलेली, पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली महाराष्ट्रीय युवती.

हे काम किती अवघड, हे आपल्या मराठवाड्यातील वाचकांस होट्टलच्या सिद्धेश्वर मंदिरावरून ध्यानी यावे. देगलूर तालुक्यातील त्या चालुक्यकालीन देवळावरील सुंदरींच्या पाठीशी भिंत आहे. पाहणारा त्यांच्या मागे जाऊ शकत नाही. मोकळी उभी असलेली मूर्ती मात्र चहूंकडून पाहिली जाते. समोरून डौलदार दिसणारी आकृती बाजूने पाहता कोलमडल्यासारखी दिसली, की सारे श्रम वाया. अशा मूर्तीस आधी आतला सांगाडा उभारून त्यावर माती चढवितात. मग प्लास्टरचा साचा घेऊन त्यातून मूर्ती ओततात. सांगाड्यातच तोल चुकला, तर वरच्या कोरीव कामाने तो सावरत नाही. गणपतरावांनी युवतीचा भार एका पायावर दिला, दुसरा गुडघा किंचित वाकविला, आणि लुगड्याच्या निऱ्यांतूनच आतील देहाची ठेवण सुचविली. वस्त्र हे झाकण्यासाठी असते. येथे ते दाखविण्याच्या कामी आले.

बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात या कृतीचा गौरव झाला. सर जॉर्ज बर्डवुड यांनी विलायतेत तिची वाखाणणी केली आणि १८९८ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत निबंध लिहिला. कोठे मुंबईचा विद्यार्थी, कोठे बंगालचा कविश्रेष्ठ! परंतु आक्षेपही निघाले. ही युवती हिंदी वेषातील ग्रीक मूर्तीच होय, असे टीकाकारांचे म्हणणे पडले. आक्षेप सर्वस्वी खोटा म्हणवत नाही. उभे राहण्याची ती ढब ग्रीकांचीच आहे. तथापि निऱ्यांचा घोळ, पदराचा वळसा आणि चालीतील संकोच हे अथेन्समधील कोणत्या शिल्पावरून उतरवावयाचे होते? ते आपल्या घरांतून, देवळांच्या वाटांवरून पाहिलेले आहे. तोल साधण्याची विद्या कोणाकडूनही घ्यावी; त्यात उणेपणा तो कसला?

पुढे गणपतरावांस पुतळ्यांची कामे मिळत गेली. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांचाच. अहमदाबादेकरिता त्यांनी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा घडविला.  सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली. एरवी मोठे पुतळे विलायतेहून करवून आणण्याची त्या काळी रूढी होती. ती कामे एतद्देशीय कारागिराकडे येऊ लागली, यात गणपतरावांचा वाटा मोठा. मात्र पुतळ्यांच्या या कामांत माणसाचा चेहरा हुबेहूब उतरविणे आले, नेमून दिलेला पोशाख आला, देणगीदारांची मर्जी आली. त्या पहिल्या मूर्तीतील मोकळेपणा तेथे क्वचितच आढळतो, असे आमचे मत आहे.

गणपतराव १९४७ साली निवर्तले. चौकाचौकांत त्यांनी उभारलेले राजे-महाराजे पुष्कळ. परंतु त्यांचे नाव निघताच लोकांस आठवते ती विद्यार्थी असताना केलेली, साध्या प्लास्टरची, देवळाकडे निघालेली ती युवतीच.