रूप नाही, काम बघून नर लावणारे पाद्री जॅक रसेल

इंग्लंडच्या डेव्हन भागात जॉन ऊर्फ जॅक रसेल नावाचे पाद्री होऊन गेले. जन्म १७९५ चा. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकताना त्यांना एका दूधवाल्याकडं पांढरी टेरियर कुत्री दिसली. डोळ्या-कानांवर तांबूस पट्टे, शेपटीच्या मुळाशी तसाच ठिपका. त्यांनी ती तिथंच विकत घेतली. नाव ट्रम्प. तिच्यापासून त्यांनी आपली जात धरली.

खरी परीक्षा नर निवडायची. टेरियरचं काम बिळात शिरून कोल्ह्यावर भुंकायचं आणि त्याला बाहेर काढायचं. कोल्हा आतच मारणारा कुत्रा त्यांना नको होता, कारण मग शिकार तिथंच संपते. छाती बिळात मावेल इतकी लहान पाहिजे. पाय घोड्यांमागं मैलोन्‌मैल पळणारे पाहिजेत. धीर पाहिजे, पण उगाच चावरेपणा नको.

स्विमब्रिज गावात त्यांनी चाळीस वर्षांवर पाद्रीपण केलं. शिकारीचा नाद बिशपांना पटत नव्हता, तरी तो सुटला नाही. १८७३ ला केनेल क्लब निघाला, त्याच्या पहिल्या सभासदांत ते होते. प्रदर्शनात ते पंच म्हणून बसत, पण स्वतःची कुत्री कामालाच ठेवत. १८८३ मध्ये ते वारले. स्विमब्रिजलाच पुरलंय.

आज तिकडं कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार करायला कायद्यानं बंदी आहे, आपल्याकडंही वन्यप्राण्यांची शिकार गुन्हाच. पण राखणीचा कुत्रा असो की गोठ्यातली गाय, जोड लावताना नुसतं रूप न बघता काम आणि स्वभाव बघावा, हा रसेल यांचा धडा अजून खरा आहे.