पंडिता रमाबाई

पूर्वी आपल्या देशात मुलींना शिकवण्याची फारशी पद्धत नव्हती. संस्कृत धर्मग्रंथ तर स्त्रियांनी वाचूच नयेत, असे लोक मानत. त्या काळी अनंतशास्त्री डोंगरे या विद्वानांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. लोकांनी फार विरोध केला. पण शास्त्रीबुवांनी माघार घेतली नाही. ते जंगलात घर बांधून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आईनेच त्यांना संस्कृत शिकवले.

हे कुटुंब गावोगाव फिरून पुराणे सांगत असे. पुढे दुष्काळ पडला. आईवडील आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी फिरत राहिले. १८७८ साली ते कलकत्त्यास पोहोचले. वीस वर्षांच्या रमाबाईंचे ज्ञान पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० साली त्यांचा विवाह झाला. पण दोन वर्षांतच पती वारले. लहानग्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामुळे अनेक लोक त्यांच्यावर नाराज झाले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवा व मुलींसाठी ‘शारदा सदन’ ही शाळा काढली. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो मुलींना तेथे आसरा मिळाला.

साध्या बायकांनाही समजेल अशा मराठीत बायबल असावे, असे रमाबाईंना वाटे. मूळ ग्रंथ समजावा म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. अनेक वर्षे खपून त्यांनी संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. आश्रमातील स्त्रियांनीच छापखान्यात खिळे जुळवले आणि पाने छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले.

लक्ष्मीबाईंनी धर्मग्रंथ वाचले म्हणून लोक रागावले होते. त्यांच्या मुलीने धर्मग्रंथाचे भाषांतर केले आणि निराधार मुलींच्या हातांनी तो छापून घेतला. शिकलेल्या एका आईमुळे किती घरे उजळतात, हे यावरून दिसते.