दामोदर कोसंबी : नाणी आणि जनुके

चोर्ला घाट उतरला की गोवा. आपल्या या शेजारच्या मुलखात ३१ जुलै १९०७ रोजी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला. इतिहासकार म्हणून ते सभासदांना ठाऊक आहेतच. पण ते मूळचे गणिती, आणि त्यांनी जीवशास्त्राला दिलेले एक सूत्र आजही वापरात आहे. आपली नातवंडे आता संगणकावर जनुकांचा अभ्यास करू लागली आहेत, म्हणून आम्हाला हे सांगावेसे वाटते.

वडील धर्मानंद हे पालीचे मोठे पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर लहानपणीच अमेरिकेत गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. बनारस व अलीगढ येथे शिकवून १९३३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. तेथे असतानाच, १९४४ मध्ये, जनुकांमधील अंतराविषयीचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

जनुके गुणसूत्रावर ओळीने असतात, रस्त्यावरच्या गावांसारखी. बेळगाव, संकेश्वर, निपाणी अशी समजा. पुढच्या पिढीकडे जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट अधिक. पहिल्या टप्प्यात शंभरात २० वेळा आणि दुसऱ्यातही २० वेळा ताटातूट झाली, तर दोन टोकांची ४० वेळा होईल, असे आम्हा कॉमर्सवाल्यांना वाटेल. पण दोन्ही टप्प्यांत एकदमच अदलाबदल झाली, तर टोके पुन्हा एकत्र येतात. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्राने उत्तर ३२ येते. मात्र एक अदलाबदल झाली की तिच्याजवळ दुसरी सहसा टळते. कोसंबींनी हेही हिशेबात धरले. त्यांचे उत्तर सुमारे साडेचौतीस. गहू-भाताचे जनुक-नकाशे करणाऱ्या संगणक प्रणालींत हे सूत्र त्यांच्याच नावाने असते.

हीच नजर त्यांनी प्राचीन नाण्यांकडे वळवली. हजारो नाणी तोलून, हातोहात फिरताना झालेल्या झिजेवरून त्यांचा काळक्रम लावला. आम्ही बँकेत नोकरीभर नाणी मोजली; ती तोलून पाहावी असे कधी सुचले नाही.

१९४५ ते १९६२ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

गणित, इतिहास, संस्कृत, जीवशास्त्र यांच्यात त्यांनी कुंपण मानले नाही. दहावीनंतर मुलांची शाखा ठरवायला घरोघरी बैठक बसते, तेव्हा एवढे आपण आठवावे.