विश्लेषण : घरात समुद्र आणणारे फिलिप गॉस, त्यांच्या छंदाने किनारे का उजाड झाले?

निळ्या प्रकाशात डोलणारे मऊ प्रवाळ, हातपाय हलवणारी समुद्रफुले आणि त्यांच्या आजूबाजूला फिरणारे रंगीत मासे. अशा ‘रीफ टँक’चे व्हिडीओ आज मोबाइलवर सहज दिसतात. मात्र हा छंद १७० वर्षांहून जुना आहे. तो घराघरांत नेण्याचे मोठे श्रेय इंग्लंडचे निसर्ग अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांना जाते. त्याच छंदाने त्यांच्या आवडत्या किनाऱ्यांचे काय केले, याविषयी...

गॉस कोण होते?

६ एप्रिल १८१० रोजी वूस्टर येथे त्यांचा जन्म झाला. वडील लघुचित्रे रंगवणारे चित्रकार, घरची परिस्थिती बेताचीच. वयाच्या १७ व्या वर्षी ते न्यूफाउंडलंडमधील एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून रुजू झाले आणि तिथेच त्यांना कीटकांच्या अभ्यासाची गोडी लागली. पुढे कॅनडात शेती केली, ती तोट्यात गेली. १८३८ मध्ये अमेरिकेतील अलाबामात काही महिने शिक्षकी केली. १८४४ नंतर सुमारे दीड वर्ष जमैकात राहून तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला. विद्यापीठाची पदवी नव्हती. बारीक निरीक्षण आणि वडिलांकडून आलेला चित्रकलेचा हात, हेच त्यांचे भांडवल.

समुद्राकडे कसे वळले?

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्याने १८५२ मध्ये ते पत्नी एमिली आणि लहानग्या एडमंडसह डेव्हन किनाऱ्यावर गेले. ओहोटीनंतर खडकांच्या खळग्यांत उरणाऱ्या पाण्यात त्यांना समुद्रफुले, लहान प्रवाळ, खेकडे आणि लाल-हिरवी शेवाळे सापडली. ही समुद्रफुले म्हणजे मऊ प्रवाळांची जवळची भावंडेच. मऊ प्रवाळांना दगडी सांगाडा नसतो. त्यांच्या मांसल अंगात चुन्याचे सूक्ष्म काटे विखुरलेले असतात आणि प्रत्येक तोंडाभोवती आठ पिसासारखे हात असतात.

हे जीव काचेच्या भांड्यात जगवता येतील का, हा गॉस यांच्यापुढचा प्रश्न होता. तसा प्रयत्न त्यांच्या आधीही झाला होता. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी टॉर्की येथून लंडनला कठीण प्रवाळ आणून जगवले होते. त्यासाठी घरातील मोलकरीण भांड्यातील पाणी पुन्हा पुन्हा उंचावरून ओतत असे. आज हवेचा पंप जे काम करतो, तेच काम तिचे हात करत होते.

टाकीतला समुद्र टिकला कसा?

प्राणी प्राणवायू घेतात आणि उजेडात वनस्पती तो परत देतात. या दोहोंचा तोल साधला तर पाणी टिकते, हे रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्याप्रमाणेच गॉस यांनीही प्रयोगांनी दाखवले. शेवाळ उपटू नका, हातोडी-छिन्नीने खडकाच्या तुकड्यासकट काढा आणि आधी शेवाळ रुळू द्या, मगच प्राणी सोडा, असा त्यांचा सल्ला होता. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी १८५४ मध्ये त्यांनी चार क्षारांपासून खारे पाणी बनवण्याची कृतीही प्रसिद्ध केली.

टाकीत घाई करू नये, हा नियम आजही तोच आहे. कारण मात्र नंतर उलगडले. प्राण्यांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया जिवाणू पचवतात, हे १८७७ नंतर कळत गेले. हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात. म्हणूनच नव्या टाकीत पहिल्याच दिवशी सोडलेले प्रवाळ बहुधा दगावतात. मऊ प्रवाळांसाठी तापमान २४ ते २६ अंश आणि खारेपणा लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम असावा. पाणी उडून जाते, पण मीठ मागे राहते. मिठागरात घडते तेच इथे घडते. त्यामुळे कमी झालेली पातळी गोड्या, शुद्ध केलेल्या पाण्यानेच भरायची असते.

छंदाची लाट कशी आली?

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यातील अनेक जीव गॉस यांनी जमवून दिले होते. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला. काचेवरील कर १८४५ मध्येच रद्द झाला होता आणि रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली होती. पाहता पाहता दिवाणखान्यात समुद्र असणे प्रतिष्ठेचे झाले.

मग बिघडले कुठे?

टाकीत मेलेल्या जिवांची जागा किनाऱ्यावरून नवे जीव आणून भरली जाऊ लागली. गॉस यांची पुस्तके हाती घेऊन हौशी मंडळी खडक खरवडू लागली. वर्षानुवर्षे जमलेली जीवसृष्टी काही हंगामांत विरळ झाली. एडमंड यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या उजाड किनाऱ्यांबद्दल लिहिले आहे. आपल्या लोकप्रियतेनेच हे घडवले, ही जाणीव वडिलांना झाली आणि ती त्यांना फार लागली, असे ते सांगतात.

त्यांच्या आयुष्यातील हा एकच घाव नव्हता. १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षी धर्मग्रंथातील सृष्टीनिर्मिती आणि जीवाश्म यांची सांगड घालणारे त्यांचे पुस्तक शास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू अशा दोघांनीही नाकारले. तरी काम थांबले नाही. १८५८ ते १८६० दरम्यान ब्रिटिश समुद्रफुले आणि प्रवाळांवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

आज काय वेगळे करता येते?

अनेक मऊ प्रवाळांचा तुकडा कापून दगडावर बसवला, की त्यातून नवा प्रवाळ वाढतो. त्यामुळे एका टाकीतून दुसरी टाकी भरता येते आणि समुद्राला हात लावावा लागत नाही. भारतात दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातील प्रवाळही त्यात येतात. त्यामुळे प्रवाळ विकत घेताना किमतीआधी विचारायचा प्रश्न हाच, की तो टाकीत वाढवलेला आहे की समुद्रातून काढलेला?