दादाभाई नौरोजी : सरासरीतली चूक पकडणारे गणिताचे मास्तर

गिरगाव (मुंबई) : बारावीच्या अर्थशास्त्रात राष्ट्रीय उत्पन्न येतं, निर्देशांक येतो. प्रकल्प करताना पोरं गावोगावचे आकडे गोळा करतात, बेरीज करतात, गावांच्या संख्येने भागतात आणि सरासरी लिहून मोकळी होतात. नेमकी हीच चूक दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज सरकारच्या अहवालात होती. ती पकडली दादाभाई नौरोजी यांनी.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत गरीब पारशी घरात झाला. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंनी कष्ट करून वाढवलं. शाळा फुकट होती म्हणून शिकता आलं. आपलं शिक्षण लोकांच्या पैशावर झालं, ते लोकांना परत द्यायचं, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर मनात ठेवली.

एल्फिन्स्टनमध्ये शिकून ते तिथेच मास्तर झाले आणि पुढे गणिताचे पहिले हिंदी प्राध्यापक. १८४८ साली तिथल्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. १८४९ मध्ये या सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या. गिरगावात नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात शाळेला जागा दिली. लोकांचा विरोध होता, तरी ही तरुण मंडळी पगार न घेता शिकवायची. दादाभाई त्यात पुढे होते.

१८५५ साली ते व्यापारासाठी लंडनला गेले. आपल्या राज्यात हिंदुस्थान सुखी होतोय, असं तिथे सरकार सांगत होतं. दादाभाईंनी भाषणबाजी केली नाही, सरकारचेच अहवाल उघडले. प्रांतवार लागवडीखालची जमीन, एकरी उत्पन्न आणि भाव यांचा गुणाकार करून पिकाची किंमत काढली. बियाणं वजा केलं. मीठ, कोळसा, कारखान्यांचा माल धरला. कमी धरल्याचा आरोप नको म्हणून वर आणखी ३ कोटी पौंड टाकले. एकूण ३४ कोटी पौंड झाले. लोकसंख्या १७ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला २ पौंड, तेव्हाचे २० रुपये. हिंदुस्थानच्या दरडोई उत्पन्नाचा हा पहिला मोठा हिशोब, १८६७-६८ सालचा.

हे करताना मध्य प्रांताच्या अहवालात घोळ दिसला. नागपूर, वर्धा, भंडारा हे जिल्हे तेव्हा त्याच प्रांतात होते. अधिकाऱ्यांनी सगळ्या जिल्ह्यांचे आकडे मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. कुठे पेरा किती, हे बघितलंच नव्हतं.

समजा, एका गावात १०० एकर बागायती सोयाबीन आहे, एकरी १२ क्विंटल. शेजारच्या गावात ९०० एकर कोरडवाहू, एकरी ४ क्विंटल. नुसती सरासरी ८ येते. पण एकूण माल ४८०० क्विंटल आणि जमीन १००० एकर, म्हणजे खरी सरासरी ४.८. पुस्तकात हिला भारित सरासरी म्हणतात. कागदावर ८ क्विंटल दिसले तर ९०० एकरवाल्यांची अडचण कोणाला दिसणार? दादाभाईंना कळलं होतं की सरासरी चुकली की माणसाची भूक कागदावरून गायब होते.

२० रुपयांचा आकडाही त्यांनी नुसता सोडला नाही. तुरुंगातल्या कैद्याच्या जेवणा-कपड्याच्या सरकारी खर्चाशी तो ताडून पाहिला. कैद्यावर जास्त खर्च होत होता! १८७६ साली त्यांनी हा सगळा हिशोब मुंबईत सभेपुढे वाचला.

सरकारला तो पटला नाही. पण १८८२ मध्ये सरकारी अंदाज निघाला तोही २७ रुपयांचाच. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले. वाद झाला तो पाच-दहा रुपयांचा, देश गरीब आहे हे कोणाला खोडता आलं नाही.

१८९२ साली दादाभाई जेमतेम मतांनी निवडून ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेले. तीनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९०१ मध्ये त्यांचे हे लेख ग्रंथरूपाने आले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

संगणक नाही, कॅल्क्युलेटर नाही. बेरीज, गुणाकार, भागाकार एवढ्यावर त्यांनी साम्राज्याला जाब विचारला. प्रकल्पाच्या वहीत सरासरी लिहिण्याआधी पोरांनी एवढंच बघावं, कोणत्या गावात किती एकर आणि किती माणसं आहेत.