'हार्मोन' हा शब्द देणारे अर्नेस्ट स्टार्लिंग कोण होते?

इन्सुलिन, थायरॉक्सिन, कॉर्टिसोल. रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये दिसणारी ही सगळी नावं हार्मोन्सची, म्हणजेच संप्रेरकांची आहेत. पण १९०५ पूर्वी 'हार्मोन' हा शब्दच वैद्यकशास्त्रात नव्हता. तो रूढ केला ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी. अंगावर सूज का येते, याचं उत्तरही त्यांनीच शोधलं होतं.

मुंबईशी नातं

स्टार्लिंग यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बॅरिस्टर होते आणि मुंबईत 'क्लार्क ऑफ द क्राउन' या पदावर नोकरी करत. मुलं मात्र आईजवळ इंग्लंडमध्ये वाढली. अर्नेस्ट यांनी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतलं, पण त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता.

सूज का येते?

१८९२ मध्ये ते जर्मनीतील ब्रेस्लाऊ इथे रुडॉल्फ हायडेनहाइन यांच्याकडे काम करायला गेले. केशवाहिन्यांच्या पेशी स्वतःहून द्रव बाहेर स्रवतात, असं हायडेनहाइन मानत. स्टार्लिंग यांचे प्रयोग वेगळं सांगत होते.

१८९६ मध्ये त्यांनी मांडलं की इथे दोन बलांची ओढाताण चालते. रक्ताचा दाब पाणी केशवाहिन्यांबाहेर ढकलतो आणि रक्तातली प्रथिनं ते आत ओढून धरतात. मूत्रपिंडाच्या आजारात लघवीवाटे प्रथिनं गेली किंवा यकृताने अल्ब्युमिन पुरेसं बनवलं नाही, की ही आतली ओढ कमी होते आणि पाय सुजतात. पुढे या मांडणीत सुधारणा झाल्या, पण तिचा गाभा आजही शिकवला जातो.

एका दुपारचा प्रयोग

अन्न आतड्यात आलं की स्वादुपिंड पाचकरस सोडतं. हा निरोप नसांमार्फत जातो, असं रशियाचे इव्हान पावलोव्ह सांगत. जानेवारी १९०२ मध्ये स्टार्लिंग आणि त्यांच्या बहिणीचे पती विल्यम बेलिस यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाच्या सगळ्या नसा तोडल्या आणि तिथे आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस आला.

मग आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात घोटलं, गाळलं आणि शिरेत टोचलं. पुन्हा रस आला. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. या पदार्थाला त्यांनी 'सिक्रेटिन' नाव दिलं.

१९०५ च्या व्याख्यानांत अशा सर्व रासायनिक निरोप्यांसाठी स्टार्लिंग यांनी 'हार्मोन' हा शब्द वापरला. चेतवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो घेतला आहे.

या कामाला वादाचीही किनार आहे. एकाच कुत्र्यावर दोनदा प्रयोग केल्याच्या आरोपावरून १९०३ मध्ये खटला उभा राहिला. बदनामीचा हा खटला बेलिस जिंकले. मात्र त्या कुत्र्यावर आधी एक शस्त्रक्रिया झाली होती, हे स्टार्लिंग यांनी न्यायालयात मान्य केलं.

दोन धागे एकत्र

१९२० मध्ये स्टार्लिंग यांच्यावर आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तरी काम थांबलं नाही. अर्नेस्ट व्हर्नी यांच्यासोबत त्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड शरीराबाहेर रक्तपुरवठा देऊन चालू ठेवलं. त्यातून पातळ लघवी भरपूर येत होती. रक्तात पिट्युटरी म्हणजेच पीयूषिका ग्रंथीचा अर्क मिसळताच ती कमी आणि दाट झाली.

शरीरातलं पाणी राखण्याचा निरोपही रक्तातूनच मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, हे यातून दिसलं. हे काम करणाऱ्या हार्मोनला आज आपण व्हॅसोप्रेसिन म्हणतो. ते कमी पडलं तर रक्तातली साखर नॉर्मल असूनही प्रचंड तहान लागते आणि दिवसाला कित्येक लिटर लघवी होते. अशा रुग्णांना आज याच हार्मोनचं कृत्रिम रूप, डेस्मोप्रेसिन, दिलं जातं.

स्टार्लिंग यांना नोबेल मिळालं नाही. २ मे १९२७ रोजी, प्रकृतीसाठी काढलेल्या सागरी प्रवासात, जमैकातील किंग्स्टन बंदरात बोटीवरच त्यांचं निधन झालं.