एदोआर्दो वेबर

एदोआर्दो वेबर (जन्म : तोरिनो, इ.स. १८८९, बेपत्ता : बोलोन्या, मे १९४५) हे इटालियन अभियंता व उद्योजक होते. मोटारगाडीच्या इंजिनाला हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण पुरवणारे वेबर कार्ब्युरेटर त्यांच्या नावाने ओळखले जातात. जुन्या गाड्यांचा मूळ कार्ब्युरेटर बदलताना आजही ज्या नावांचा प्रथम विचार होतो, त्यांत वेबर हे एक प्रमुख नाव आहे.

कारखान्याची स्थापना

पहिल्या महायुद्धानंतर इटलीत पेट्रोल महाग होते व गाडी बाळगणाऱ्यांना इंधनाची बचत महत्त्वाची वाटत असे. वेबर यांनी फियाट गाड्यांना बसवता येतील असे बदली कार्ब्युरेटरचे संच तयार केले. इ.स. १९२३ मध्ये त्यांनी बोलोन्या येथे 'फाब्रिका इतालियाना कार्बुरातोरी वेबर' हा कारखाना स्थापन केला. गाडी विकत घेतल्यानंतर तिच्यात सुधारणा करण्याचे साधन म्हणूनच वेबर कार्ब्युरेटर प्रथम लोकांपर्यंत पोहोचला.

दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर

कार्ब्युरेटरमधील हवेच्या वाटेत एक अरुंद भाग असतो; त्याला व्हेंचुरी किंवा चोक म्हणतात. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. चोक लहान असल्यास इंजिन मंद गतीत सुरळीत चालते, परंतु जास्त गतीत त्याला हवा अपुरी पडते. चोक मोठा असल्यास याच्या उलट घडते. वेबर यांनी यावर वेगवेगळ्या आकारांच्या दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर प्रचारात आणला. त्यात लहान नळी मंद गतीसाठी व मोठी नळी जास्त गतीसाठी असे.

इ.स. १९३० च्या दशकात त्यांनी शर्यतीच्या गाड्यांसाठी समान आकाराच्या दोन नळ्यांचे कार्ब्युरेटर बनवले. या रचनेमुळे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी देणे शक्य झाले. माझेराती आणि आल्फा रोमेओ यांच्या शर्यतीच्या गाड्यांवर वेबर कार्ब्युरेटर वापरले गेले. माझेरातीचा कारखानाही त्या काळी बोलोन्यातच होता.

निवड व जुळवणी

वेबर कार्ब्युरेटरचे वैशिष्ट्य म्हणजे त्यातील मोजमापाचे बहुतेक भाग सुटे असून ते बदलता येतात. चोक, मुख्य जेट, हवेचा जेट, इमल्शन नळी, आयडलिंग जेट व पंप जेट हे भाग वेगवेगळ्या मापांत मिळतात. त्यामुळे एकच कार्ब्युरेटर निरनिराळ्या इंजिनांना जुळवता येतो. '४० डीसीओई' या नावातील ४० हा आकडा थ्रॉटल झडपेजवळच्या नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतो. मुख्य जेटवरील १३० हा आकडा त्याच्या छिद्राचे माप १.३० मिमी असल्याचे सांगतो.

निवड करताना प्रथम एका सिलिंडरची क्षमता व इंजिनाची अपेक्षित कमाल गती पाहून चोक ठरवतात. मोठ्या चोकने शक्ती वाढेल या समजुतीने गरजेपेक्षा मोठा चोक बसवल्यास मंद गतीत हवेचा वेग घटतो, पेट्रोलचे कण नीट फुटत नाहीत आणि गाडी अडखळते. चोकच्या मिलिमीटरमधील मापाला ४ ने गुणून मुख्य जेटचा अंदाज घेण्याची पद्धत आहे. उदाहरणार्थ, ३२ च्या चोकसाठी १२८ हा आकडा येतो. म्हणून १३० चा जेट लावून चाचणी सुरू करतात.

जुळवणीपूर्वी इंजिनाच्या झडपांमधील अंतर व ठिणगीची वेळ तपासतात, कारण त्यांतील दोष कार्ब्युरेटरचा दोष भासू शकतो. एकापेक्षा जास्त कार्ब्युरेटर असल्यास सर्वांतून सारखी हवा जाईल अशी जुळवणी करतात. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा मिश्रणाचा स्क्रू फिरवून आयडलिंग स्थिर करतात.

बेपत्ता होणे

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, २१ एप्रिल १९४५ रोजी, दोस्त सैन्याने बोलोन्या मुक्त केले. त्यानंतरच्या आठवड्यांत एमिलिया प्रदेशात अनेकांच्या हत्या झाल्या. त्यांत फॅसिस्ट राजवटीशी संबंध असल्याचा आरोप असलेले लोकही होते. याच काळात, मे १९४५ मध्ये, वेबर बेपत्ता झाले. त्यांची हत्या झाली असे सामान्यतः मानले जाते. परंतु त्यांचा मृतदेह सापडला नाही.

वारसा

वेबर यांच्या पश्चात कारखाना सुरू राहिला व इ.स. १९५२ मध्ये तो फियाटच्या ताब्यात गेला. कंपनीला मोठी प्रसिद्धी याच काळात मिळाली. फेरारी २५० जीटीओ या गाडीवर दोन नळ्यांचे सहा वेबर कार्ब्युरेटर होते. लोटस एलान आणि लॅम्बोर्गिनी मिउरा या गाड्यांनीही वेबर स्वीकारले. पोर्शने ९११ या गाडीवरील सोलेक्स कार्ब्युरेटर काढून इ.स. १९६६ मध्ये वेबर बसवले.

पुढे इलेक्ट्रॉनिक इंधन प्रणालीमुळे नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. बोलोन्यातील उत्पादन थांबून ते स्पेनमध्ये गेले. आता वेबर कार्ब्युरेटर प्रामुख्याने जुन्या व शर्यतीच्या गाड्यांसाठी घेतले जातात. बदली संचांपासून सुरू झालेले हे उत्पादन अशा रीतीने पुन्हा बदली कार्ब्युरेटर म्हणूनच टिकून आहे.